गणपतीला रात्रीचं निघायचं का? पावसातला घाट, निसरडा रस्ता आणि आपला वेग

सुरंगी
डोंबिवलीहून राजापूरजवळच्या आमच्या गावी मी गेली बारा वर्षं स्वतः गाडी चालवत जाते. वेळ ठरलेली. ऑफिस सुटलं की सामान भरायचं, मुलांना जेवायला घालून मागच्या सीटवर झोपवायचं आणि दहा-साडेदहाला निघायचं. रस्ता मोकळा मिळतो, मुलं कुरकुरत नाहीत, रजा वाचते आणि उजाडताना आपण ओसरीवर चहा पीत असतो. आमच्या वाडीतले सगळे चाकरमानी असेच येतात.

मागच्या जुलैत बाबांना बघायला निघालो होतो. खेड सोडलं तेव्हा दीड वाजला असेल. पाऊस उघडल्यासारखा वाटला म्हणून मी थोडा वेग वाढवला, ६५ च्या आसपास. उजवीकडे वळणारा उतार होता. वळणावर रस्ता काळ्याचा एकदम तांबडा दिसला. डोंगर कापलेल्या जागेतून लाल माती वाहून आली होती. ते कळलं तोवर गाडी त्यावर होती. मागची बाजू डावीकडे सरकली, मी घाबरून ब्रेकवर उभीच राहिले. पायाखाली पेडल थरथरत होतं आणि गाडी माझं काही ऐकत नव्हती. समोरची लेन ओलांडून ती पलीकडच्या गटाराशी डोंगराकडे तोंड करून थांबली. गाडी दुसऱ्या बाजूला गेली असती तर दरी होती.

इंजिन बंद पडलं होतं, वायपर तेवढे फिरत होते. खालून ट्रकचे दिवे वर येताना दिसले. माझा हात हॉर्नवर होता, पण दाबायचं सुचलंच नाही. ट्रक बराच अलीकडे थांबला. चालक उतरला, आधी त्याने रस्त्याकडेच्या झाडाची एक मोठी फांदी मोडली आणि माझ्या गाडीच्या वरच्या अंगाला वीसेक पावलांवर आडवी टाकली. मग काचेवर टकटक केलं. “ताई, आधी पोरांना बाहेर काढा आणि कडेला उभं करा. गाडीचं मग बघू.” एवढंच बोलला. एका शब्दाने रागावला नाही.

आम्हाला कुणालाही खरचटलं नाही. पण त्या रात्रीपासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. मला गाडी चालवता येते असं मी बारा वर्षं समजत होते. मग माझं नेमकं चुकलं काय? गणपती जवळ आलेत. रात्रीच्या आणि पावसातल्या गाडी चालवण्याबद्दल ज्यांना खरोखर माहिती आहे त्यांनी इथे सविस्तर लिहावं, ही कळकळीची विनंती.

मैलकुसू
सगळे सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. मी रस्तेबांधणीत काम करतो, त्यामुळे हिशेबाच्या भाषेत सांगतो.

६५ च्या वेगाने गाडी एका सेकंदात १८ मीटर जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही सेकंदभर लागतो, रात्री दमलेल्याला दीड. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच १८ ते २७ मीटर गेले. कोरड्या डांबरावर त्यापुढे साधारण २४ मीटरमध्ये गाडी थांबते, ओल्यावर चाळीसच्या पुढे जाते आणि चिखलावर त्याहून कितीतरी लांब. आता डिपरचा, म्हणजे खालचा उजेड बघा. सरळ रस्त्यावर तो साधारण ४०-५० मीटर उपयोगी पडतो. वळणावर तेवढाही नाही, कारण दिवे सरळ बघतात आणि रस्ता वळलेला असतो.

तुम्हाला थांबायला ६०-७० मीटर हवे होते आणि दिसत होते जेमतेम तीस. तुमचा हात चुकला नाही, वेग चुकला. जेवढं दिसतंय तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, रात्रीचा वेग ठरवायला मला दुसरा कुठलाही नियम पटत नाही. वेगाच्या पाटीवर ८० लिहिलेलं असो की ६०, पाटीला पाऊस कळत नाही.

जुना_चालक
सुरंगीताई, मी एसटीत ३१ वर्षं काढली. त्यातली निम्म्याच्या वर रातराणीवर, सगळी कोकणातल्या रस्त्यांवर. मैलकुसू साहेबांनी जे आकड्यात सांगितलं तेच आमच्या उस्तादांनी पहिल्या महिन्यात सांगितलं होतं: “दिव्याच्या पुढे पळू नको.”

आता सविस्तर. घाट ज्या गिअरात चढता त्याच गिअरात उतरा. चढाला सेकंड लागला असेल तर उताराला सेकंडच. इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक गार राहतात. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे मी पाहिलेत. अशी गाडी फक्त ब्रेकवर असते. दहा वळणं दाबत उतरलं की लायनर तापतात, जळका वास येतो आणि मग पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. त्यात कुणी इंजिनच बंद केलं तर ब्रेकची मदत जाते, पेडल दगडासारखं होतं. जळका वास आला तर लाज न बाळगता सुरक्षित जागा बघून थांबा. अर्धा तास गेला तर जाऊ दे. तापलेल्या ब्रेकवर पाणी मात्र ओतू नका.

वळणाच्या आधी वेग मारा. वळणात ब्रेक नको, वळणात गिअर बदलणं नको. ओल्या रस्त्यावर चाकाला एका वेळी एकच काम सांगावं. थांब तरी म्हणावं, नाहीतर वळ तरी म्हणावं.

समोरून अप्पर मारत कुणी आला तर उलटा अप्पर मारू नका. दोघं आंधळे झाले तर रस्ता कुणी बघायचा? एकदा डिपर देऊन खुणवा. नाहीच ऐकलं तर नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर टाका, वेग कमी करा आणि पट्टी धरून चला. पट्टी पुसली असेल तर साईडपट्टीच्या गवताची कड धरायची, पण साईडपट्टीवर उतरायचं नाही. पावसात ती पोकळ झालेली असते, चाक रुततं आणि गाडी ओढली जाते.

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हा नियम पुस्तकात आहे, पण आज किती जणांना माहीत आहे? चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलताना मागे येते. उतरणाऱ्याने थांबणं सोपं असतं.

आणि पाणी. हे लिहिताना आजही हात जड होतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या आमच्या दोन गाड्या त्यात गेल्या, इतर वाहनंही गेली. ती माणसं माझ्यासारखीच स्टेअरिंगवर बसलेली होती. मिट्ट काळोख, धो धो पाऊस, पुढे रस्ता आहे की नाही हे दिव्यात कळायला मार्गच नव्हता. जूनमध्ये दुसऱ्या वर्षी नवा पूल झाला. पण त्यानंतर निवृत्त होईपर्यंत पुराच्या दिवसांत रात्री कुठल्याही पुलाच्या तोंडाशी मी गाडी हळू केली नाही असं झालं नाही. फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर पलीकडे कितीही गाड्या गेल्या तरी घालू नका. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलू शकतं आणि खालची फरशी जागेवर आहे का हे वरून दिसत नाही.

पडवी
सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडतो. दिवसा गणपतीच्या आधी पेण-माणगावला जी कोंडी असते त्यात आठ-आठ तास जातात. उन्हात, पोरं रडतायत, गाडी तापतेय. त्यापेक्षा रात्र बरी. सणाच्या दिवसांत अवजड वाहनांना बंदी असते, रस्ता मोकळा असतो. मी वीस वर्षं रात्रीच जातो, एकदाही काही झालं नाही. रजा दोनच दिवस मिळते, त्यातला एक रस्त्यात घालवायचा का?

माजघर
पडवी दादा, रजेचं दुःख खरं आहे. पण “काही झालं नाही” हे बारा वर्षं सुरंगीसुद्धा म्हणत होती. मोकळा रस्ता हाच रात्रीचा धोका आहे, कारण कोंडीत ठोकर बसते ती दहाच्या वेगाने.

मला झोपेबद्दल लिहायचं आहे, कुणी लिहिलं नाही म्हणून. दिवसभर ऑफिस करून रात्री साडेदहाला निघालेला माणूस रात्री तीनला जवळजवळ वीस तास जागा असतो. पहाटे दोन ते पाच शरीर झोप मागतंच, कितीही सवय असली तरी. आमच्या घरात हे झालंय. माझे दीर गाडी चालवत होते, मी शेजारी. ते बोलता बोलता वाक्याच्या मधेच थांबले. मला वाटलं आठवतायत. मी बघितलं तर डोळे उघडे होते, पण नजर कुठेच नव्हती. मी मांडीवर जोरात मारलं. ऐंशीच्या वेगाने तीन सेकंद म्हणजे ६६ मीटर गाडी कुणाच्याही ताब्यात नसते.

काच खाली करणं, गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं, हे सगळं पाच-दहा मिनिटं पुरतं. उपाय एकच, उजेड असलेल्या पंपावर किंवा हॉटेलवर थांबून वीस मिनिटं झोपणं. कॉफी घ्यायची असेल तर झोपायच्या आधी घ्या, ती भिनायला तेवढाच वेळ लागतो. आणि शेजारी बसणाऱ्याने झोपायचं नाही. त्याचंही ते कामच आहे.

नेत्रांजन
मी डोळ्यांची डॉक्टर. जुन्या चालककाकांचं डावी पट्टी धरण्याचं सांगणं अगदी बरोबर आहे, त्याचं कारण सांगते. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. समोरचा प्रखर उजेड एका क्षणात तो सराव मोडतो आणि गाडी निघून गेल्यावरही काही सेकंद आपण काळोखाकडे बघत असतो. म्हणून नजर आधीच खाली डावीकडे वळवायची. त्याच कारणाने डॅशबोर्डचे दिवे मंद ठेवा आणि नकाशा लावलेल्या मोबाईलचा उजेडही. गाडीतला वरचा दिवा लावून कुणी डबे उघडत बसू नये.

वयाचा भाग फार महत्त्वाचा आहे. साठीच्या माणसाच्या पडद्यावर विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोहोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं. माझ्याकडे येणारे अनेक आजोबा म्हणतात, “दिवसा झकास दिसतं, रात्री समोरच्या दिव्याला केस फुटतात.” ही बऱ्याचदा मोतीबिंदूची सुरुवात असते. दिवसाच्या तपासणीत अक्षरं नीट वाचली म्हणून रात्री गाडी चालवायला डोळे ठीक आहेत असं होत नाही. मधुमेह असेल तर पडद्याची तपासणी वर्षातून एकदा कराच.

रस्त्याकडेला मिळणारे पिवळे “नाईट ड्रायव्हिंग” चष्मे घेऊ नका. चकाकी कमी वाटते, कारण एकूण उजेडच कमी होतो, आणि गडद कपड्यातला पादचारी आणखी उशिरा दिसतो. त्यापेक्षा नंबर नीट तपासून चकाकीविरोधी थर असलेला, ओरखडे नसलेला चष्मा वापरा.

वाशिष्ठीकाठ
चिपळूणला माझं गॅरेज आहे. गणपतीच्या आठवड्यात दुसऱ्या गाडीने ओढून आणलेल्या गाड्या बघून मनाला लागतं. सीटवर पूजेचं सामान, पोरांचे नवे कपडे आणि टायर बघावे तर पार गोटा.

टायरच्या खाचेत मधेमधे रबराचे छोटे उंचवटे असतात, कडेला टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं. टायर झिजून त्या उंचवट्याला टेकला की खाच १.६ मिलिमीटर उरली, कायद्याने तो टायर संपला. पण आमच्या पावसासाठी मी तीन मिलिमीटरला बदला म्हणतो. खाच कशासाठी असते? चाकाखालचं पाणी बाहेर फेकायला. खाच उरली नाही की पाणी बाहेर जात नाही, चाक पाण्यावर चढतं आणि स्टेअरिंग एकदम हलकं लागतं. असं झालं तर ब्रेक मारू नका, स्टेअरिंग झटकू नका, ॲक्सिलरेटर सोडा आणि सरळ धरून ठेवा. चाक खाली टेकलं की हाताला कळतं. टायरचं वयही बघा. बाजूला चार आकडे असतात, ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाच चांगली असली तरी जुनं रबर कडक होतं आणि ओल्यावर धरत नाही.

सुरंगीताई, तुमच्या पायाखाली पेडल थरथरलं म्हणजे गाडीला एबीएस आहे आणि ते काम करत होतं. तेव्हा पाय काढायचा नाही, दाबून ठेवायचा आणि जिकडे जायचं तिकडे स्टेअरिंग वळवायचं. पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही एवढंच, चिखलात पकड आणून देत नाही. एबीएस नसेल आणि चाक जाम होऊन गाडी घसरली तर ब्रेक थोडा सोडा, चाक फिरू द्या, मग पुन्हा दाबा.

काच आतून पुसता का? बाहेरून सगळे धुतात. आतल्या बाजूला तेलकट थर बसतो, दिवसा दिसत नाही आणि रात्री समोरचा दिवा त्यावर पसरतो. आतून वाफ धरली तर एसी काचेवर सोडा आणि हवा बाहेरून घ्यायचं बटण ठेवा. वायपर पट्ट्या दर पावसाळ्याआधी बदला. पिवळट पडलेल्या हेडलाईटच्या काचा पॉलिश करून घ्या. त्याऐवजी बाहेरून मिळणारे भगभगीत बल्ब बसवू नका. मूळ दिव्याची वाटी त्या बल्बसाठी केलेली नसते, उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त जातो.

घाटवाट
दुचाकीवाल्यांसाठी थोडं. पहिला पाऊस सगळ्यात वाईट. महिनोन्महिने साठलेलं तेल, धूळ आणि रबर पाण्याबरोबर वर येतं, रस्ता साबणासारखा होतो. दोन-चार चांगल्या सरींनी तो धुतला जातो. आंबोली, ताम्हिणीत झाडांच्या सावलीतली वळणं मात्र ऑगस्टमध्येही शेवाळलेली असतात. रंगवलेले पांढरे पट्टे, पुलावरच्या लोखंडी सांध्याच्या पट्ट्या आणि शेण यांवर गाडी तिरकी असताना ब्रेक लावू नका. शक्य तेवढी सरळ ठेवून पार करा.

हेल्मेटच्या काचेवर पावसाचे थेंब असले की समोरचा एक दिवा दहा होऊन दिसतो. २०१७ पासूनच्या दुचाकींचा पुढचा दिवा आपोआप चालू असतो, त्यामुळे मागचा दिवा गेलाय हे महिनाभर कळत नाही. तो रोज बघा. मी जॅकेटच्या पाठीवर आणि सॅकवर रेडियमची पट्टी लावून घेतली आहे.

धुक्यात एक चूक सगळे करतात. पार्किंगचे चारही इंडिकेटर लावून गाडी चालवतात. त्यामुळे पुढचा वळतोय की थांबलाय हे मागच्याला कळतच नाही. ते थांबलेल्या गाडीसाठी आहेत. चालताना डिपर आणि फॉगलॅम्प. अप्पर मारला तर धुक्याची पांढरी भिंत तेवढी दिसते.

खोडवा
मी सांगली जिल्ह्यातला ऊसवाला. विषय कोकणचा चाललाय, पण कुंभार्ली घाट चढून कराडला येणारे बरेच असतात, आणि गणपती झाले की दोन-अडीच महिन्यांत आमच्याकडं हंगाम सुरू होतोय, म्हणून लिहितो.

रात्री ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस कारखान्याकडं जातो. वेग वीस-पंचवीस. मागं दिवा नसतो, असला तर चिखलानं माखलेला, आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर आलेला असतो. मागून सत्तरनं येणाऱ्या गाडीला काळोखात काळाच ढीग. आमच्या गावात असा एक पोरगा गेला. लग्नाला सहा महिने झाले होते. त्या ट्रॉलीत कुणाचा ऊस होता, हे मी इथं लिहीत नाही, पण तो आमच्याच शिवारातला होता. तेव्हापासनं माझ्या रानातनं रेडियम लावल्याशिवाय ट्रॉली हलत नाही. तांबड्या पट्टीचा खर्च किती येतोय? एका मोळीचासुद्धा नाही. मी पट्टी आणि कात्री घरातच ठेवलीय. ड्रायव्हर घाईत असतो, पोटासाठी धावतोय बिचारा, म्हणून मीच लावतो. बैलगाडीच्या मागं, बैलांच्या शिंगांनापण.

गाडीवाल्यांना एवढंच सांगणं, हंगामात रस्त्यावर पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पडलेलं दिसलं की समजा पुढं ट्रॉली आहे. दवानं भिजलेलं पाचट शेवाळापेक्षा वाईट घसरतं.

मिशिगनवासी
इथे आमच्याकडे हिवाळ्यात काळा बर्फ असतो, रस्ता फक्त ओला दिसतो आणि काच झालेला असतो. पूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही गार हवा लागते. सुरुवातीला मला इथल्या मित्राने रिकाम्या पार्किंगमध्ये नेऊन मुद्दाम गाडी घसरवायला लावली होती. मागची बाजू जिकडे सरकते तिकडेच हळूच स्टेअरिंग वळवायचं आणि नजर जिथे जायचंय तिथे ठेवायची, हे त्या एका तासात अंगात भिनलं. आपल्याकडे लायसन्स देताना हे कुणी शिकवत नाही याची फार खंत वाटते.

मैलकुसू
त्या ट्रकचालकाबद्दल एक राहिलं. मदत केली तर पोलिसांच्या फेऱ्यात अडकू या भीतीने लोक थांबत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४-अ हे कलम आलं. जखमीला मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३, बाकी कशालाही ११२. हे फोनमध्ये आत्ताच साठवा.

पडवी
सगळं दोनदा वाचलं. माजघर ताईंचा हिशेब मी स्वतःला लावून पाहिला. मागच्या वर्षी हातखंब्याला पोचलो तेव्हा मी २२ तास जागा होतो. संगमेश्वरपासून हातखंब्यापर्यंतचा रस्ता मला आठवतच नाही, आणि हे मला आज हा धागा वाचताना लक्षात आलं. यंदा भावाला बरोबर घेतोय. चिपळूणला मुक्काम करायचा विचार आहे. वाशिष्ठीकाठ दादा, गाडी आधी तुमच्याकडे दाखवतो.

सुरंगी
काल पोचलो, म्हणून लिहिते. पुढचे दोन टायर बदलले. काच आतून पुसली तेव्हा फडका काळा झाला. धोक्याचा त्रिकोण डिकीत सामानाच्या तळाशी असायचा, तो आता सगळ्यात वर ठेवलाय.

रात्री नऊला सगळे झोपलो आणि पहाटे साडेचारला निघालो. माणगावला दीड तास कोंडीत गेला, मुलं रडली, ते पडवी म्हणाले तसंच झालं. कशेडीच्या बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा लख्ख उजेड होता. खेडच्या पुढे ते वळण आलं. दिवसा ते किती साधं दिसतं! मी तिसऱ्या गिअरात, ३५ वर होते. माती होतीच, या वेळी ती मला बरीच आधी दिसली. धाकटी म्हणाली, “आई, इथेच ना?” मी हो म्हटलं.

घरी पोचायला अडीच वाजले. बाबा ओसरीवर उभे होते. कुणीच जेवलं नव्हतं, पानं मांडून ठेवली होती.